डोळ्यांना सारखी दिसणारी नावं आणि खाते क्रमांक पायथनमध्ये जुळत का नाहीत?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही पतसंस्थेत लेखनिक आहात. एका सीएसव्ही फाइलमध्ये सभासदांची यादी आहे, दुसरीत कर्जाच्या हप्त्यांचा वर्षभराचा भरणा. दोन्ही जोडून कोणाचे हप्ते थकलेत ते काढायचंय. आधी पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल वापरलंत, तर ‘खाते क्र’ हा रकाना समोर दिसत असूनही कीएरर, म्हणजे या नावाचा रकानाच नाही असा एरर, आला. मग कोणीतरी पांडाज ही तक्त्यांवर काम करणारी पायथनची लायब्ररी सुचवली. तिथे मर्ज करताना, म्हणजे दोन तक्ते जोडताना, दोन रकान्यांचे प्रकार वेगळे आहेत असा एरर आला, म्हणून तुम्ही दोन्हीकडे एएसटाइप लावून स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, केली. एरर गेला, पण खाती जुळेनात. नावावरून जोडून पाहिलंत तर निम्मी नावं सुटली, आणि भरण्याची बेरीज मूळ फाइलपेक्षा जास्तच आली. ‘माझं लॉजिक कुठे चुकतंय?’ असं तुम्ही विचारलंय.

लॉजिक ठीक आहे. अशा याद्या जुळवणं हे माझं रोजचं काम आहे आणि तुमची सगळीच लक्षणं ओळखीची आहेत. फाइलमध्ये जे आहे असं तुम्हाला वाटतंय ते तिथे नाहीये, एवढाच घोळ आहे. त्यामुळे स्क्रिप्ट बदलत बसण्याआधी रकान्याच्या प्रत्येक घरात नेमकं काय भरलंय ते मशीनकडूनच वदवून घ्या. पायथनमध्ये त्यासाठी दोन फंक्शनं आहेत, रेप्र आणि आस्की. नुसतं प्रिंट केलं की अक्षरं नीटनेटकी दिसतात. रेप्रमधून प्रिंट केलं की न दिसणारी चिन्हं उघडी पडतात. आस्कीमधून केलं की प्रत्येक देवनागरी अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकासाठी त्याला ठरवून दिलेला क्रमांक, दिसतो. पुढचं सगळं या दोघांच्या भरवशावर आहे.

आधी तो कीएरर. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात फाइल सेव्ह केली की फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक खूण पडते. तिला बॉम म्हणतात. फाइल साध्या यूटीएफ-८ ने उघडली की ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. सीएसव्ही मॉड्यूलच्या डिक्टरीडरमधल्या फील्डनेम्सची, म्हणजे रकान्यांच्या नावांची, यादी प्रिंट करून बघा, ‘खाते क्र’च्या आधी उलटी तिरपी रेघ आणि यूएफईएफएफ असं काहीतरी दिसेल. म्हणजे रकान्याचं नाव तुम्ही मागताय ते नाहीच. उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, प्रश्न मिटला. पांडाज ती खूण स्वतःच काढून टाकतं, म्हणून तिथे हा एरर दिसला नाही.

निकालाची फाइल लिहितानासुद्धा हेच एन्कोडिंग वापरा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. खूण नसली तर डबलक्लिक करून उघडलेल्या फाइलमधला प्रत्येक बाइट एक्सेल सहसा वेगळं अक्षर समजून दाखवतं, आणि ‘राम’च्या जागी नऊ भलतीच चिन्हं येतात. मग साहेब म्हणतात फाइल खराब झाली. फाइल चांगलीच असते.

आता खाते क्रमांक. इथे जे झालंय ते बारकाईने बघण्यासारखं आहे. तुमच्या सभासद यादीत काही सभासदांच्या खाते क्रमांकाचं घर रिकामं असणार. पांडाज आकड्यांच्या रकान्यात रिकामं घर दिसलं की अख्खा रकाना दशांशाचा करून टाकतं. १०२३ चं १०२३.० होतं. भरण्याच्या फाइलमध्ये कोणीतरी मध्येच ‘जुने खाते’ असं काहीतरी टाइप केलेलं असणार, म्हणून तो रकाना मजकुराचा झाला. दोन प्रकार वेगळे, म्हणून एरर. तो एरर तुमच्या भल्याचा होता. एएसटाइप लावून तुम्ही त्याला गप्प केलंत, आणि आता एकीकडे ‘१०२३.०’ ही स्ट्रिंग आहे, दुसरीकडे ‘०१०२३’. जुळणार कशा?

उपाय वाचतानाच करायचा. पांडाजच्या रीड सीएसव्हीला डीटाइप (रकान्याचा प्रकार) म्हणून एसटीआर, म्हणजे स्ट्रिंग, द्या, म्हणजे फाइलमध्ये जे लिहिलंय ते जसंच्या तसं येईल, सुरुवातीची शून्यंसुद्धा. खाते क्रमांक, पिनकोड, मोबाइल, आधार यांना आकडे समजूच नका. त्यांची बेरीज कधी करायची नसते. आकडा फक्त रकमेचा रकाना, तो नंतर टू न्युमेरिकने वेगळा बदला.

शून्यं मात्र पायथनच्या आधीच उडालेली असू शकतात. सीएसव्ही एक्सेलमध्ये डबलक्लिकने उघडून नुसती सेव्ह केली तरी ०१०२३ चं १०२३ होऊन फाइलमध्ये बसतं. हे निदान भरून काढता येतं, कारण खाते क्रमांक किती अंकी असतो ते तुम्हाला माहीत आहे. १५ अंकांपेक्षा मोठा बँक खाते क्रमांक असेल तर पुढच्या अंकांच्या जागी एक्सेल शून्यं टाकतं, आणि ते अंक परत मिळवायचा कुठलाच मार्ग नाही. म्हणून सॉफ्टवेअरमधून निघालेली मूळ फाइल कधीही डबलक्लिकने उघडायची नाही. बघायचीच असेल तर तिची प्रत काढा, किंवा एक्सेलच्या डेटा टॅबमधून आयात करा आणि खाते क्रमांकाचा रकाना टेक्स्ट म्हणून निवडा.

काही नोंदींत कोणी मराठी अंकांत खाते क्रमांक टाकले असतील तर घाबरू नका. मजकुराचा आकडा करणाऱ्या पायथनच्या इंट फंक्शनला देवनागरी अंक कळतात. एक छोटं फंक्शन लिहा: स्ट्रिंग घ्यायची, इंटमधून काढायची, पुन्हा स्ट्रिंग करायची आणि झेडफिलने पुढे शून्यं लावून पाच अंकी करायची. मराठी अंक, इंग्रजी अंक, मागचीपुढची मोकळी जागा, गेलेली शून्यं, सगळं एका फटक्यात एकसारखं होतं. जिथे ‘जुने खाते’ लिहिलंय तिथे इंट व्हॅल्यूएरर देईल. ट्राय-एक्सेप्टने (एरर पकडायची पायथनची सोय) तो गिळून टाकू नका, त्या ओळी वेगळ्या यादीत काढा. रिकामी घरंही त्याच यादीत घाला. तुमच्या कामाचा खरा गाभा त्या यादीत आहे.

नावांवर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण हा त्रास मराठीत काम करणाऱ्यालाच होतो आणि इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये त्याचं उत्तर सहसा सापडत नाही.

‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. पडद्यावर दोन्ही फाइलींमध्ये हुबेहूब सारखं दिसतं. पण लेन, म्हणजे मजकुराची लांबी, विचारलं तर एकीकडे ८ येतं, दुसरीकडे ९. एका टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डने तो अर्धा ऱ काढायला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरला. दुसऱ्याच्या कीबोर्डने साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं जोडचिन्ह टाकलं, जे दिसत नाही आणि जागाही घेत नाही. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. बऱ्हाटे, गोऱ्हे, तऱ्हाळे, सगळ्यांचं असंच. ‘ॲड.’चंही तेच. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये मिळाला, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन भागवायचे, मध्ये बऱ्याचदा ते न दिसणारं जोडचिन्ह टाकून. कित्येक कीबोर्ड अजून तसंच करतात. सभासदांत वकील असतील तर एकाच वकिलाच्या नावाचे तीन प्रकार सापडतील. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडआधीच्या फॉन्टमधून बदलून आणलेली असेल तर आणखी एक भानगड असते: ‘ो’ ही एक मात्रा नसून काना आणि एक मात्रा अशा दोन तुकड्यांत आलेली असते. दिसायला फरक शून्य.

तुम्हाला कोणीतरी युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ वापरायला सांगेल. वापरा, एनएफसी देऊन. पण त्याने सगळं होत नाही. ‘र’ आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे असतील तर ते जोडून ‘ऱ’ करेल. जोडचिन्हाच्या वाटेला ते जात नाही, ‘ॲ’चे प्रकार एक करत नाही, काना-मात्राही जोडत नाही. हे हातानेच करायचं, आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हे त्रिकूट शोधून त्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. मगच उरलेली जोडचिन्हं काढून टाका. उलट केलंत तर कुऱ्हाडेचा रफार होऊन ‘कुर्हाडे’ होईल आणि ते कशालाच जुळणार नाही. जोडचिन्हं गेल्यावर ‘अ’ आणि चंद्र मिळून ‘ॲ’ करा, काना आणि मात्रा मिळून ‘ो’ करा. शेवटी स्प्लिट आणि जॉइन वापरून मधल्या जादा मोकळ्या जागा काढा. एक्सेल किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या नावांत न तुटणारी मोकळी जागा नावाचं वेगळं चिन्ह असतं, तेही स्प्लिट उचलतं.

हे सगळं मूळ नावाच्या रकान्यावर करू नका. ‘नाव_जुळणी’ असा नवा रकाना करा आणि साफसफाई तिथे करा. सभासदाचं नाव त्याने लिहून दिलंय तसंच राहायला हवं. तो त्याचा हक्क आहे, आणि उद्या लेखापरीक्षक मूळ नोंद मागेल.

आणि एवढं करूनही नावावर खाती जोडू नका. पाटील आणि पाटिल, ‘सौ.’ लावलेलं आणि न लावलेलं, आडनाव आधी की नंतर, हे तर आहेच. पण एका गावात एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले दोन सभासद सहज निघतात. अंदाजे जुळवणारी लायब्ररी वापरून ९० टक्के साम्य असलेली नावं जोडा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. पैशांच्या कामात तो मानू नका. एकाचा हप्ता दुसऱ्याच्या खात्यावर दिसला की थकबाकीची नोटीस भलत्याच घरी जाते, आणि घरातल्या माणसाला ती चारचौघांत ऐकून घ्यावी लागते. जोडणी खाते क्रमांकावर करा. नाव फक्त पडताळणीला ठेवा: खातं जुळलं पण नाव जुळलं नाही, अशा ओळी वेगळ्या काढून नजरेखालून घाला.

आता बेरीज का फुगली ते. मर्जमध्ये एकच किल्ली, म्हणजे ज्यावरून जोडायचं ते नाव किंवा क्रमांक, डावीकडे दोनदा आणि उजवीकडे तीनदा असेल तर सहा ओळी तयार होतात. नावावर जोडल्यावर एकाच नावाचे दोन सभासद असले की प्रत्येक हप्ता दोघांच्याही नावावर चढतो. खाते क्रमांकावर जोडताना आणखी एक गोष्ट होते, ती फार जणांना माहीत नसते. पांडाज रिकाम्या किल्लीला रिकामी किल्ली जुळवतं, डेटाबेसची भाषा एसक्यूएल तसं करत नाही. डावीकडे ४० रिकामी घरं आणि उजवीकडे ३० असतील तर १२०० ओळी जन्माला येतात, आणि प्रत्येक निनावी हप्ता ४० वेळा मोजला जातो. म्हणून मर्जच्या आधी रिकाम्या किल्ल्यांच्या ओळी बाजूला काढायच्या.

मर्ज करताना सभासद यादी डावीकडे ठेवा आणि दोन गोष्टी कायम द्या. व्हॅलिडेटला ‘वन टू मेनी’, मध्ये अंडरस्कोर घालून. सभासद यादीत एखादं खातं दोनदा आलं तर पांडाज तिथेच थांबेल. आणि इंडिकेटरला ट्रू. त्याने शेवटी एक रकाना मिळतो, ज्यात प्रत्येक ओळ दोन्हीकडे सापडली, फक्त डावीकडे की फक्त उजवीकडे ते लिहिलेलं असतं. त्यासाठी हाऊला ‘आउटर’ द्या, नाहीतर न जुळलेल्या ओळी गुपचूप गळतील.

गुपचूप गळणं हेच खरं भीतीदायक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गायब झाल्याचं उघडकीस आलं, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ ओळींपुढे काही मावत नाही. एरर आला नव्हता. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी दोन ओळी असूच द्या: भरण्याच्या मूळ फाइलमधल्या ओळी आणि रकमेची बेरीज, आणि भरण्याच्या जुळलेल्या, न जुळलेल्या, बाजूला काढलेल्या अशा तिन्ही गटांची मिळून ओळी आणि बेरीज. दोन्ही पैशापर्यंत सारखी आली पाहिजेत. रोजकीर्द जुळवताना तुम्ही हेच करता, फक्त इथे ते असर्टने, म्हणजे अट खोटी निघाली तर स्क्रिप्ट थांबवणाऱ्या आज्ञेने, करायचं.

तारखेचा रकाना असेल तर एकच सांगतो. टू डेटटाइमला फॉरमॅट स्वतः लिहून द्या, दिवस आधी, मग महिना, मग वर्ष. पांडाज न सांगता महिना आधी धरतं, आणि २०२३ मध्ये आलेल्या २.० च्या आधीच्या आवृत्त्या तर एकाच रकान्यात ०३/०४ ला ४ मार्च आणि २५/०४ ला २५ एप्रिल समजत, तेही सहसा न बोलता.

तुम्ही लिहिलंय की आधी दुसरीकडे विचारलं तेव्हा ‘प्रश्न अपुरा आहे’ म्हणून परत पाठवलं. त्यांनी तुम्हाला काय हवं ते सांगायला हवं होतं. नवशिक्याला काय दाखवायचं हेच माहीत नसतं, त्यात कमीपणा काही नाही. पडद्याचा फोटो टाकू नका, कारण फोटोतून न दिसणारं चिन्ह कोणालाच दिसणार नाही. दोन्ही फाइलींतल्या न जुळणाऱ्या तीन-चार ओळी घ्या, त्या आस्कीमधून प्रिंट करा आणि तो मजकूर चिकटवा. पांडाजची आवृत्ती आणि एररची शेवटची ओळ पूर्ण द्या. सभासदांची खरी नावं, खाती, रकमा मात्र कुठेही टाकू नका. रामाच्या जागी गोविंदा करा, पण आडनावातला तो न जुळणारा ऱ तसाच कॉपी करून ठेवा.

वरचं सगळं केल्यावर ज्या ओळी उरतील त्या स्क्रिप्टने सुटणाऱ्या नाहीत. त्या छापून काउंटरवरच्या जुन्या रोखपालांकडे न्या, त्यांना सभासद चेहऱ्याने माहीत असतात. आणि त्यातही एखादी ओळ दोन्हीकडे सारखी दिसूनही जुळत नसेल, तर तिचा आस्की मजकूर इथे खाली टाका. मी बघतो.