चकती बरोबर फिरली, तरीही

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. चाकणच्या प्लांटमध्ये दोन ट्रान्सफॉर्मर, दोन्ही 1000 केव्हीए, दोन्ही 433 व्होल्ट, एकाच एचटी (उच्च दाबाच्या) लाइनवर. जुन्यावरून नव्यावर चेंजओव्हर झाला की मोठ्या ब्लोअरचा (हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) ब्रेकर उडतो. ब्लोअरवाल्याला बोलावलंत, त्याने बेअरिंग बदलली, बिल लावलं, ब्रेकर उडतोच आहे. अगं, ब्लोअर बिचारा निर्दोष आहे. "नव्यावरून जुन्यावर येताना मात्र काही होत नाही" हे तू शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलीस, पण सगळी गोम तिथेच आहे.

दोन्ही नेमप्लेटवर व्हेक्टर ग्रुपचा, म्हणजे आतली वाइंडिंग कशी जोडलीत त्याचा, रकाना बघ. नव्यावर डीवायएन 11 (डेल्टा-स्टार) असणार. आपल्याकडे डिस्ट्रिब्यूशनचे ट्रान्सफॉर्मर बहुतेक तसेच येतात. जुन्यावर, माझी पैज, वायवायएन 0 (स्टार-स्टार). हा आकडा घड्याळाचा. मिनिटकाटा बारावर ठेवला ती एचटी बाजू, तासकाटा म्हणजे एलटी (कमी दाबाची बाजू), आणि एक तास म्हणजे 30 अंश. फेजर (व्होल्टेज दाखवणारे फिरते बाण) घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणून अकरा म्हणजे एलटी 30 अंश पुढे. (परीक्षेत निम्मा वर्ग इथे 'मागे' लिहायचा.) स्टार-स्टारमध्ये दोन्ही काटे एकावर एक. म्हणजे तुझ्या पॅनेलमधले दोन आर फेज (आर, वाय, बी या तिघांतले पहिले) रंगाने सारखे, पण 30 अंशांनी फटकून आहेत. व्होल्टमीटरला ते कळत नाही आणि फेजचा नुसता क्रम तपासणाऱ्या फेज सिक्वेन्स मीटरलाही नाही.

मी इथेच तोंडावर आपटलोय. 1980 च्या दशकात, भोसरीच्या एका कारखान्यात. लोड वाढला म्हणून दोन ट्रान्सफॉर्मरच्या दोन बस (पॅनेलमधल्या मुख्य पट्ट्या) जोडायच्या होत्या. सिक्वेन्स मीटरची चकती दोन्हीकडे बाणाच्या दिशेने फिरली आणि मी बस कपलर, म्हणजे त्या दोन बस जोडणारा ब्रेकर, मारायला सांगितला. आमचे वायरमन म्हणाले, "साहेब, आधी दिवा लावून बघू का?" तापकीर गल्लीतून आणलेले दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून केलेला त्यांचा टेस्ट लॅम्प. मी नवा नवा डिग्रीवाला, हसलो. कपलर बसला, ट्रान्सफॉर्मर असा हंबरला की शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर आली, आणि दोन्ही एसीबी (ट्रान्सफॉर्मरचे मोठे ब्रेकर) उडाले. मग कपलर उघडून, दोन्ही बस चालू करून, त्यांनी काही न बोलता आर आणि आरच्या मध्ये दिवा धरला. बल्बच्या तारेत तांबूस निखारा होता. खरं तर तो पूर्ण विझलेला असायला हवा.

त्या निखाऱ्याचा हिशेब सोपा आहे. फेज ते न्यूट्रल 250 व्होल्ट आणि मध्ये 30 अंश, तर दोन आरमधला फरक 129 व्होल्ट. दोन्हींचा इम्पीडन्स (आतला अडथळा) 5 टक्के धरला तर कपलर बसताच फुल लोडच्या पाचपट करंट नुसता एकमेकांत फिरतो. तुझ्या जोडीला 1333 अँपिअरच्या जागी जवळजवळ 6900. आणि यातलं काहीही कारखान्याच्या कामाचं नाही.

पण तू तर बस जोडत नाहीस, आधी एक सोडतेस मग दुसरा घेतेस. मग का? सप्लाय गेला तरी ब्लोअरचं जड चाक फिरत राहतं आणि मोटर काही काळ स्वतःच बसवर व्होल्टेज देत राहते. चाक मंदावतं तसा हा उरलेला व्होल्टेज मागे पडत जातो. 100 मिलिसेकंदांत फ्रीक्वेन्सी सरासरी 1 हर्ट्झने जरी उतरली तरी 36 अंश. नवा ट्रान्सफॉर्मर आधीच 30 पुढे, म्हणजे जाताना फरक 66. येताना जुना 30 मागे असतो आणि मोटर घसरत त्याच्याच जवळ येते, फरक उरतो 6. म्हणून जाताना दणका, येताना शांतता.

उपाय त्यामानाने रुक्ष. चेंजओव्हरच्या टायमरला मध्ये दोन-तीन सेकंद दे, उरलेला व्होल्टेज पाव हिश्श्याच्या खाली जाऊ दे, मग ब्लोअर रीतसर पुन्हा सुरू कर. प्रॉडक्शनवाले कुरकुर करतील, करू देत. कपलरला कॅस्टेल लॉक (किल्लीशिवाय ब्रेकर बसू न देणारं कुलूप) आहे का बघ: तीन ब्रेकर, दोनच किल्ल्या, म्हणजे तिन्ही एकदम बसत नाहीत. तिसरी डुप्लिकेट किल्ली कुणाच्या ड्रॉवरमध्ये असेल तर ती आधी शोध, असतेच.

केबल अदलाबदल करून जुळवता येईल का, असं तू विचारशीलच. जुना डीवायएन 1 निघाला तर येईल: एचटीचे दोन आणि एलटीचे दोन फेज बदलायचे. वायवायएन 0 असेल तर कितीही केबल फिरव, 30 अंश जात नाहीत. ट्रान्सफॉर्मरच बदलावा लागतो.

पुढच्या शटडाउनला परमिट घेऊन, हातमोजे घालून, कपलर उघडा ठेवून त्याच्या दोन बाजूंची नऊ रीडिंग घ्या. दोन्ही न्यूट्रल अर्थला पक्के आहेत हे आधी तपास, नाहीतर आकडे वाटेल ते येतील. जुन्याच्या आरपासून नव्याच्या आर, वाय, बीला अंदाजे 129, 354, 483 आले तर पैज मी जिंकली. 0, 433, 433 आले तर हे सगळं पत्र फाडून टाक आणि मला फोन कर. नेमप्लेटचे फोटो मात्र आजच पाठव, जुन्याची प्लेट रॉकेलच्या फडक्याने पुसून.

तुझा,
सर
कोथरूड, पुणे