सात पिशव्या

इंदूर

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा जाता जाता पायऱ्यांवर थांबून म्हणालीस, "मावशी, कपाटात विणकाम-भरतकामाच्या सात पिशव्या आहेत, आणि एकीतलंही काही पुरं नाही." चेहरा असा, जणू कर्जाचे हप्ते थकलेत. तेव्हा हसण्यावारी नेलं, पण रात्री वाटलं, नीट लिहूनच पाठवावं.

सात म्हणजे काहीच नाही. माझ्याकडे किती हे तुझ्या काकांना विचारू नकोस.

माझा अनुभव असा, की काम चुकीच्या जागी थांबवलं की राहतं. आपण उठतो कधी? अडलं की. स्वेटरच्या बगलेचे टाके कमी करायची वेळ आली, भरतकामात रंग बदलायचा झाला, की "उद्या बघू" म्हणून गुंडाळून ठेवतो. मग चार महिन्यांनी पिशवी उघडली की पहिल्यांदा तीच अडचण आ वासून समोर! कोण बसेल मग? म्हणून अवघड वळण ओलांडायचं, दोन ओळी सोप्या विणायच्या, आणि तिसऱ्या सोप्या ओळीच्या मधोमध उठायचं. परत बसल्यावर हाताला विचारच करावा लागत नाही. शिवाय एक चिठ्ठी टाचायची: "३४ वी ओळ झाली, पुढची उलट, सुई १० नंबर." आपल्या लक्षात राहील, या भ्रमात मी पुष्कळ लोकर उसवली आहे.

याला अपवाद कशिद्याचा. माझी आत्या धारवाडला दिलेली, तिने मला कसुती, म्हणजे तिकडचं भरतकाम, शिकवली. त्यातली गवंती तू पाहिली आहेस: जाताना साधा धावदोरा, एक टाका वर, एक खाली, आणि त्याच वाटेने परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. म्हणून कापड दोन्ही अंगांनी सारखं दिसतं आणि गाठ कुठेच नसते. आत्याचा नियम होता, गेल्यावर परत आल्याशिवाय उठायचं नाही. दारावर कोणी आलं तरी ती "आले, आले" म्हणत टाके भरत बसायची. मी एकदा गोपुराच्या मध्यावर, जातानाच, सोडून उठले. वर्षाने पाहिलं तर कापडावर नुसत्या तुटक रेघा. कुठल्या फाट्याला आधी वळले होते, काही कळेना. भिंग घेऊन, धागे मोजत, सगळं काढलं. तेव्हा तुझ्या पिशव्यांत कसुती असेल तर ती पहिली बाहेर काढ.

आता तुझा तो निळा स्वेटर. लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदावर रंगाच्या नंबरखाली लॉटचाही नंबर असतो. तो कागद जपून ठेव. लॉट म्हणजे एकाच वेळी रंगवलेली लोकर; रंग तोच असला तरी लॉट वेगळा असला की छटा बदलते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, अंगणात उन्हात कळतं. तुझ्या काकांचा पहिला स्वेटर मी दिवाळीनंतर विणायला घेतला. उजवी बाही राहिली ती राहिलीच. नंतर आणलेल्या लोकरीने ती विणली आणि पुरी झाली त्या दिवशी बाहेर राजवाड्याकडे रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालेली! इंदूरची थंडी कोणासाठी थांबते? पुढच्या वर्षी घातला तर एक बाही आकाशी, एक जांभळट. शिवाय हातही बदललेला, दुसरी बाही बोटभर लांब. नवी लोकर आणावीच लागली तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या, असं काही इंच विणायचं. जोड दिसत नाही. आणि दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंडे लावून, बरोबर विणायच्या. म्हणजे दोन्ही एकदम अर्ध्या राहतील, पण सारख्या तरी!

पावसाळा येतोय, म्हणून हे आजच कर: कापडात खोचून ठेवलेल्या सगळ्या सुया काढ. गंजाचा डाग लिंबू-मिठाने जातो, पण सोबत रेशमाचा रंगही घेऊन जातो. भरतकामाची रिंगही सोडव, नाहीतर कापडावर गोल मळकट वळ उठतो आणि धुतला तरी पुरता जात नाही.

काही पिशव्या मात्र सरळ उसवायच्या. क्रोशाचा दोरा पुन्हा वापरता येतो. लोकर उसवली की कुरळी होते. तिची लड करून कोमट पाण्यात बुडवायची, खाली थोडं वजन लावून वाळवायची, सरळ होते. आणि तो मॅक्रमेचा, म्हणजे दोराला गाठी मारून करायचा, झोपाळा मैत्रिणींच्या नादाने घेतलेला, तुला तो कधी हवाच नव्हता. दोर शेजारच्या मुलांना देऊन टाक, बिनदिक्कत.

महेश्वर इथून ९० किलोमीटर. पुढच्या वेळी घाटावर नुसते फोटो काढून परतू नकोस, एखाद्या मागाजवळ तासभर बस. जुना ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की त्याची टोकं मागावरच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकांना जोडत जातात. हजारो धागे, बोटांच्या चिमटीत पीळ देऊन. माग पुरता रिकामा केला तर फणीतून सगळं पहिल्यापासून ओवावं लागतं. मी पाहिलं तेव्हा जोडणाऱ्या बाई माझ्याशी बोलत होत्या आणि त्यांची बोटं खाली न बघता चालली होती.

मीही एक काम संपलं की लगेच दुसऱ्याचे टाके घालून ठेवते. काका याला व्यसन म्हणतात.

रविवारी पोहे खायला ये. सातही पिशव्या आण, झोपाळ्याची सोडून. निळ्या लोकरीचा कागद सापडला तर तोही. आणि माझं अंगुस्तान तू मागच्या खेपेला नेलं आहेस, ते आधी पर्समध्ये टाक.

तुझी,
मावशी