मायक्रोच्या लॅबमधून घरी काय येतं?

एफवायची मायक्रोची (मायक्रोबायॉलॉजीची, म्हणजे जंतूंच्या अभ्यासाची) प्रॅक्टिकल नुकतीच सुरू झाली आहेत, घरात दीड वर्षाची भाची आणि मधुमेह असलेली आजी आहे, मास्क एन-९५ घेऊ की साधा आणि ग्लोव्हज कोणते घेऊ, असं तू विचारलं आहेस. मी बरीच वर्षं बीएस्सीच्या मुलांची प्रॅक्टिकल घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुला काळजी वाटते ते योग्यच आहे, पण तिचा रोख चुकलाय. पहिल्या वर्षी तुझ्यासमोर येणार ते ई. कोलाय या जंतूचे निरुपद्रवी स्ट्रेन (उपप्रकार), बॅसिलस सबटिलिस, यीस्ट, फार तर स्टॅफिलोकॉकस. यातलं बहुतेक काही हवेतून झडप घालत नाही. हातावरून तोंडात जातं, नाहीतर हातावरून पेनावर, मोबाइलवर, जर्नलवर बसतं आणि तुझ्याबरोबर घरी येतं. मास्कचं नंतर बघू, आधी हा रस्ता बंद कर.

हे मी उगाच सांगत नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०१० ते जून २०११ या काळात साल्मोनेला टायफिम्युरियम या पोट बिघडवणाऱ्या जंतूच्या एकाच स्ट्रेनमुळे ३८ राज्यांतले १०९ जण आजारी पडले, एक जण दगावला. तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, माग काढला तेव्हा तो स्ट्रेन लॅबसाठी विकत मिळणाऱ्या स्ट्रेनशी जुळला. आजारी पडलेल्यांत मायक्रोच्या लॅबमध्ये शिकणारे आणि काम करणारे तर होतेच, पण लॅबचं तोंडही न पाहिलेली त्यांच्या घरची लहान मुलंही होती. एवढं होऊनही २०१४ मध्ये पुन्हा ४१ जण आणि २०१७ मध्ये २४ जण अशाच प्रकारे आजारी पडले. तिथे उपकरणांची वानवा नव्हती. पेनं, वह्या, बॅगा लॅबमध्ये जात होत्या आणि तशाच घरी येत होत्या, तिथे घोळ होता.

तू ग्रॅम स्टेनिंग (जंतू रंगवून ओळखायची पद्धत) करशील त्या दिवशी एक गोष्ट मुद्दाम बघ. प्रॅक्टिकल संपल्यावर जांभळा रंग कुठे कुठे लागलाय ते शोध. तो रंग, क्रिस्टल व्हायोलेट, बोटांवर असणारच. पण जर्नलच्या पानाच्या कोपऱ्यावर, पान उलटतो तिथेही अंगठ्याचा ठसा सापडेल. पेनाच्या टोपणावर, मायक्रोस्कोपच्या नॉबवर, नळाच्या तोटीवर, ओढणीच्या टोकाला, कुणाच्या तरी कानामागे, जिथे केस सारले तिथे. दरवर्षी मी मुलांना हे शोधायला लावते आणि दरवर्षी कुणाच्या तरी मोबाइलच्या कव्हरवर डाग निघतोच. रंग होता म्हणून दिसला. त्याच बोटांनी आधी स्लँटमधून (तिरप्या माध्यमाच्या टेस्टट्यूबमधून) कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू, घेतलेलं असतं. तेही याच वाटेने फिरलं असणार, फक्त त्याला रंग नव्हता.

तेव्हा जर्नल टेबलावर आणूच नकोस. निरीक्षणं एका सुट्या कागदावर लिही, त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा तो हात धुऊन, आणि जर्नल घरी किंवा लायब्ररीत बसून पूर्ण कर. जर्नलवर लगेच सही हवी असा काही ठिकाणी आग्रह असतो. तिथे सरांना किंवा मॅडमना सरळ सांग, कागदावर सही द्या, मी जर्नल उद्या दाखवते. समंजस शिक्षक नाही म्हणणार नाहीत. लॅबचं पेन आणि मार्कर वेगळे ठेव, ते तिथल्याच ड्रॉवरमध्ये राहू देत. मोबाइल बॅगेत आणि बॅग बाहेरच्या रॅकवर. प्लेटचा (जंतू वाढवलेल्या बशीचा) फोटो हवाच असेल तर एकाने फक्त फोटो काढायचे, त्याने प्लेटला हात लावायचा नाही.

एप्रनचं तर विचारू नकोस. मुलं तोच एप्रन घालून कॅन्टीनमध्ये चहा पितात आणि मग डब्याशेजारी कोंबतात. लॅबच्या दारातच काढायचा, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवायचा आणि घरी गरम पाण्यात वेगळा धुवायचा. भाचीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये नको.

हात साबणानेच धू, चांगले वीस सेकंद, नखांच्या कडांसकट. सॅनिटायझरवर विसंबू नकोस. बॅसिलसचे स्पोअर (जाड कवचाची सुप्त रूपं) अल्कोहोलला दाद देत नाहीत, आणि बॅसिलस तर पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक कॉलेजात असतोच. नखं कुरतडायची किंवा पेनाचं टोक चावायची सवय असेल तर ती आत्ताच मोड.

आता ग्लोव्हज. रक्त, सीरम (रक्तातला पातळ भाग) किंवा रोगजनक कल्चर हाताळताना ते लागतातच. पण बर्नर पेटलेला असताना घट्ट बसलेला लॅटेक्सचा किंवा नायट्राइलचा हातमोजा आगीत सापडला तर वितळून कातडीला चिकटतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या साध्या कल्चरसाठी बरेच शिक्षक उघड्या, नीट धुतलेल्या हातांनी काम करवून घेतात, आणि मला ते पटतं. हातावर कापलेलं असेल तर आधी वॉटरप्रूफ पट्टी लाव. ग्लोव्हज घातलेच तर त्या हातांनी दाराची कडी आणि मोबाइल धरायचा नाही, नाहीतर ते घालून उपयोग काय?

पहिल्या वर्षी खरा अपघात जंतूंपेक्षा आगीचा होतो. स्प्रेड प्लेटचं, म्हणजे प्लेटवर जंतू पसरवायचं, प्रॅक्टिकल आलं की जपून. काचेचा स्प्रेडर अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीतून काढतात, अल्कोहोल जळून जातं. घाईत कुणी तो पेटता स्प्रेडर परत बीकरमध्ये बुडवतो आणि अख्खा बीकर पेट घेतो. उजेडात अल्कोहोलची ज्योत नीट दिसतही नाही. बीकर बर्नरपासून हातभर लांब ठेव, त्यात अल्कोहोल बोटभरच घे, आणि बीकर झाकेल अशी काचेची पेट्री डिश शेजारी ठेव. पेटलंच तर वरून झाकायचं. पाणी ओतायचं नाही, बीकर उचलून पळायचंही नाही. केस बांधलेले, ओढणी एप्रनच्या आत, पंखा बंद.

लूप, म्हणजे कल्चर उचलायची तार, पेटवतानाही एक बारकावा आहे. टोकावर कल्चरचा ओला गोळा असताना ते टोक थेट ज्योतीत घातलं की चर्र आवाज येतो आणि जिवंत जंतूंचे थेंब उडतात. आधी तारेचा वरचा भाग तापव, मग हळूहळू टोकाकडे ये, गोळा वाळू दे आणि मग पूर्ण तार लाल कर. गरम लूप कल्चरमध्ये खुपसला तरी असंच उडतं, म्हणून तो आधी आगरच्या (प्लेटमधल्या जेलीच्या) कडेला टेकवून गार कर. पिपेट तोंडाने ओढायला कुणी सांगितलं, सीनियरने असो वा शिक्षकाने, तर स्पष्ट नकार दे आणि रबरी बल्ब माग. तोंडाने ओढताना टायफॉइडचे जंतू तोंडात गेल्याची नोंद १८९३ सालची आहे. इतक्या वर्षांनंतर त्याला काहीही निमित्त चालणार नाही.

प्रॅक्टिकल झाल्यावर स्लाइड डिस्कार्ड जारमध्ये, प्लेट्स ऑटोक्लेव्हच्या (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) पिशवीत. हीट फिक्स केलेल्या, म्हणजे तापवून जंतू चिकटवलेल्या, स्लाइडवरचे सगळे जंतू मेलेच असतील असं धरू नकोस. ऑटोक्लेव्हचे १२१ अंश, १५ पौंड, १५ मिनिटं हे तू पाठ करशील, पण ते जंतू वाढवायच्या माध्यमासाठी. प्लेट्सनी भरलेल्या पिशवीच्या पोटात वाफ पोचायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. सिंकमध्ये तशीच टाकलेली टेस्टट्यूब नंतर लॅबमधले काका किंवा मावशी उघड्या हातांनी घासतात. त्यांनी हा विषय शिकलेला नसतो. त्यांना आपल्यामुळे काही होऊ नये ही जबाबदारी आपली, आणि याबाबतीत मी मुलांना कधीही सूट देत नाही.

कल्चर सांडलं तर लपवू नकोस, लगेच मोठ्याने सांग. टिश्यूने झाक, कडेकडून मध्याकडे जंतुनाशक ओत, वीसएक मिनिटं थांब, मग पूस. फुटलेली काच चिमट्यानेच उचलायची.

शेवटी तीन गोष्टी, ज्या निरुपद्रवी वाटतात म्हणून जास्त फसवतात. पहिली, मोबाइल, नाणी, गटारी यांचे स्वॅब लावलेल्या प्लेट्स. आपल्या कल्चरचं नाव आपल्याला ठाऊक असतं, इथे काय वाढलंय ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि ते कोटींनी वाढलेलं असतं. अशी प्लेट टेपने बंद करून बाहेरूनच बघायची; उघडायची नाही, वास तर अजिबात घ्यायचा नाही. दुसरी, दुधाचा दर्जा रंगावरून तपासणाऱ्या एमबीआरटीसारखी प्रॅक्टिकल. उरलेलं दूध, दही, इडलीचं पीठ लॅबमध्ये आलं की ते खाण्याचं राहत नाही. लॅबच्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटलीही ठेवायची नाही. तिसरी, रक्तगट तपासणी आणि विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी). विडालच्या किटमधले जंतू मारलेले असतात, धोका असतो तो समोरच्या माणसाच्या सीरमचा. लॅन्सेट (बोट टोचायची सुई) एकाचा दुसऱ्याला कधीही नाही, वापरून झाला की थेट जाड डब्यात.

मास्कबद्दल: एफवायला तुला एन-९५ ची गरज नाही. ते पैसे चष्म्यावरही बसेल अशा सेफ्टी गॉगलवर आणि दुसऱ्या एप्रनवर खर्च कर. स्टेन आणि जंतुनाशक डोळ्यात उडतात, गॉगल रोज कामाला येतो. आणि घरात तुला, भाचीला किंवा आजीला ताप, जुलाब, चिघळलेली जखम असं काही झालं, तर डॉक्टरांना आपणहून सांग की मी मायक्रोच्या लॅबमध्ये काम करते आणि या आठवड्यात अमुक कल्चर हाताळलं होतं. त्यासाठी प्रत्येक प्रॅक्टिकलला जंतूचं पूर्ण नाव आणि स्ट्रेन नंबर विचारून लिहून ठेव. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जंतुसंग्रहांकडून आणलेलं कल्चर असेल तर तो नंबर बाटलीवर असतोच. नसेल तर मॅडमना विचार.