तोच प्रोग्रॅम इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर किंचित वेगळी उत्तरं का देतो?

पहिला संशय आरसीपीपीएस आणि आरएसक्यूआरटीपीएस या प्रोसेसरच्या सूचनांवर घ्या. संख्येचा व्यस्त (१ भागिले ती संख्या) आणि व्यस्त वर्गमूळ (१ भागिले तिचं वर्गमूळ) या सूचना अंदाजेच काढतात. सापेक्ष चूक १.५ भागिले ४०९६, म्हणजे सुमारे ०.०००३७ पेक्षा जास्त नसावी, एवढंच बंधन आहे. त्या मर्यादेत नेमके कोणते बिट द्यायचे हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते, आणि दोघांची उत्तरं खरोखरच जुळत नाहीत. साधी बेरीज, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ मात्र आयईईई ७५४ या दशांश गणिताच्या मानकाप्रमाणे शेवटच्या बिटापर्यंत सारखेच येतात.

गंमत म्हणजे या अंदाजे उत्तर देणाऱ्या सूचना तुम्ही हाताने लिहिलेल्या नसतात. जीसीसी या कंपायलरला फास्ट-मॅथ (अचूकतेपेक्षा वेगाला महत्त्व देणारा) पर्याय दिला की व्हेक्टर केलेल्या, म्हणजे अनेक संख्यांवर एकदम चालणाऱ्या, फ्लोट भागाकारात तो त्या स्वतःच घालतो. म्हणून आधी तो पर्याय काढा, मग असेम्ब्ली (कंपायलरने तयार केलेल्या सूचनांची यादी) उघडून डीआयव्हीपीएस आणि एसक्यूआरटीपीएस, म्हणजे नेमका भागाकार आणि वर्गमूळ काढणाऱ्या सूचना, दिसतात का ते बघा. अंदाजे उत्तर सुधारणाऱ्या न्यूटन-रॅफसन पद्धतीची एक फेरी जोडल्याने अचूकता वाढते, पण बिट जुळतीलच असं नाही; इथेच बरेच जण फसतात.