प्रसंग दाखव, मग मत सांग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी वही दोनदा वाचली. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळयानावरच्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या ‘डार्मोक’ या 1991 सालच्या भागाला तू आधी दहापैकी नऊ गुण दिलेस, त्यातले परग्रहवासी केवळ आपल्या कथांतले दाखले देऊन बोलतात म्हणून पुण्याच्या मित्रांनी ‘अशी भाषा असूच शकत नाही’ असे म्हटल्यावर ते खोडून पाच केलेस, आणि आता यांतले खरे मत कोणते, असे मला विचारतोस. तुझ्या पानावर गुण आहेत, विशेषणे आहेत, मित्रांचे आक्षेपही आहेत. पण त्या भागातला एकही प्रसंग नाही. मग मत कशाच्या आधारावर उभे राहायचे?

रात्रीचा प्रसंग आठव. यानाचा कप्तान पिकार्ड याला शेकोटी पेटवता येत नाही. त्या परग्रहवासीयांचा कप्तान डेथॉन आपल्या शेकोटीतले जळते लाकूड त्याच्याकडे टाकतो आणि म्हणतो, ‘टेम्बा, बाहू पसरलेला.’ भाषांतर करणारे यंत्र प्रत्येक शब्द बरोबर देते, तरी पिकार्डला अर्थ लागत नाही, कारण टेम्बा कोण आणि त्याने बाहू का पसरले, ही कथाच त्याच्याकडे नाही. हे तू लिहिले असतेस, तर कोणाच्या सांगण्यावरून ते खोडावे लागले नसते.

आणि बेळगावात राहणाऱ्याने तरी हा प्रसंग सोडू नये. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक कागद चार टेबले फिरून पुन्हा माझ्याच समोर आला, तेव्हा शेजारी बसणारे धारवाडचे सहकारी म्हणाले, ‘कोंकण सुत्ति मैलारक्के बंद हागे.’ कोकणाला वळसा घालून मैलारला आल्यासारखे. मला कन्नड येत होते, शब्दन् शब्द कळला, आणि तरी मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. दुपारच्या डब्याच्या वेळी त्यांनी समजावले, तेव्हा लक्षात आले की आपण ज्याला द्राविडी प्राणायाम म्हणतो, तेच हे. पुढे एकदा मी ‘अगदी पानिपत झाले’ म्हणालो, तेव्हा 1761 ची सारी हकिगत सांगण्याची पाळी माझ्यावर आली.

तुझ्या मित्रांचा आक्षेप मी फेटाळत नाही. तो माझाही आहे. ‘बाहू’ आणि ‘पसरलेला’ हे शब्द ज्यांच्याकडे आहेत, त्यांना ‘हे घे’ एवढे सरळ का म्हणता येऊ नये? त्यांची मुले या कथा पहिल्यांदा कोणत्या भाषेत ऐकतात? पण हा प्रश्नही त्या जळत्या लाकडापाशी उभे राहूनच विचारता येतो. म्हणून पुन्हा सांगतो, आधी प्रसंग दाखव.

हे मी उशिरा शिकलो. पूर्वी एका स्थानिक साप्ताहिकासाठी याच भागावर लिहिले, तेव्हा ज्यांच्या मताला मी मान देत असे त्या एका गृहस्थांनी ‘भावुकपणा काढा, तर्क ठेवा’ असे सुचवले. मी शेकोटी काढली, डेथॉनचा मृत्यू काढला, मरणाऱ्या त्या माणसाला पिकार्ड गिल्गमेश या प्राचीन महाकाव्यातल्या राजाची गोष्ट सांगतो तेही काढले. छापून आला तो निव्वळ आक्षेप. तो चुकीचा नव्हता. पण तो भाग पाहताना माझे डोळे भरून आले होते, आणि त्याचा मागमूस त्या लेखात नव्हता. ही खंत अजून गेलेली नाही. तेव्हापासून मी कोणत्याही भागाला गुण देत नाही, आणि माझी टिपणे लांबतात म्हणून मला हेकट म्हणणाऱ्यांना उत्तरही देत नाही. त्या गृहस्थांचे ऐकले नसते, तर इतका हट्टी झालोही नसतो.

आता याच मालिकेतल्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागाविषयी. त्याच्यापुढे तू ‘संथ, नुसती बडबड’ असे लिहिले आहेस. हे वाचून मला राग आला, तो लपवत नाही. यानावरचा यंत्रमानव डेटा हे यंत्र आहे की व्यक्ती, याच्या सुनावणीत त्याच्याविरुद्ध बाजू मांडण्याची सक्ती त्याच्याच मित्रावर, रायकरवर, होते. रायकर उठतो, डेटाचा हात सुटा करून दाखवतो आणि मग बटण दाबून त्याला भर सभेत बंद करतो. हा भाग तुला खरोखर संथ वाटला असेल, तर तसेच लिही, मी भांडणार नाही. मात्र बटण दाबल्यानंतरचा रायकरचा चेहरा पाहून मगच लिही. दिवाळीत खानापूरला येशील तेव्हा ते पान घेऊन ये. गुणांचा रकाना मी पेन्सिलीने खोडून ठेवला आहे.

तुझा,
काका