नर्सरीतून निळा आणलेला हायड्रेंजिया दुसऱ्या वर्षी गुलाबी का फुलला?

रोप बदललं नाही, फसवणूकही झाली नाही. या झाडाचा रंग मातीच ठरवते. आम्लधर्मी मातीत, म्हणजे पीएच साधारण ५.५च्या खाली, मुळांना ॲल्युमिनियम मिळतं आणि गुच्छ निळे होतात. ६.५च्या वर ते मातीतच अडकतं, मग गुलाबी. तुम्ही पुण्यात गच्चीवर बोअरचं पाणी घालता म्हणालात. तेच कारण असणार. जड पाण्यातला चुना कुंडीतली माती हळूहळू अल्कधर्मी करतो.

पुन्हा निळी फुलं हवी असतील तर शक्य तेवढं पावसाचं पाणी साठवून घाला. कळ्या धरण्याआधीपासून पंधरा दिवसांतून एकदा, चार लिटर पाण्यात लहान चमचाभर तुरटी विरघळवून ओल्या मातीत द्या. तुरटी माती आम्लधर्मी करते, शिवाय तिच्यात ॲल्युमिनियमही असतं. जास्त घातलीत तर मुळं जळतील. हाडांचं खत मात्र बंद करा, त्यातला फॉस्फरस ॲल्युमिनियम अडवून धरतो. पांढऱ्या जातींवर यातलं काहीच चालत नाही.

आणि कृपा करून हिवाळ्यात छाटणी करू नका! गोल गुच्छांच्या बहुतेक जाती आदल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. शेंडे कापले की पुढचा बहर गेला. बहर ओसरल्यावर लगेच सुकलेले गुच्छ खालच्या जाड डोळ्यांच्या वरून काढा, बस्स.

सकाळचं ऊन, दुपारी सावली. एप्रिल-मेमध्ये पानं दुपारी लोंबतात, जीव कासावीस होतो. संध्याकाळी आपोआप सावरली तर पाणी नको. नाही सावरली तर भरपूर द्या. घरात कुत्रं-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, पानं विषारी असतात.