डबल स्टॉप शिकल्याने इलेक्ट्रिक गिटारवादन सुधारतं का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की पेंटाटॉनिक (पाच स्वरांचा) स्केल हातात बसलाय, बेंड (तार ओढून स्वर चढवणं) जमतात, तरी सोलो कोरडा आणि गाण्यापासून तुटलेला वाटतो. डबल स्टॉप, म्हणजे दोन स्वर एकत्र वाजवणं, शिकून फरक पडेल का? नक्की पडेल. या टप्प्यावर वेग वाढवण्यात जेवढा वेळ घालवाल, तो सगळा इकडे द्या असंच मी सांगेन.

एकट्या स्वरावरून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, कळत नाही. ई हा स्वर सी मेजरमध्ये आहे, ए मेजरमध्ये आहे, ई मायनरमध्येही आहे. त्याच्या खाली सी शार्प वाजला की कान ए मेजरकडे वळतो, सी वाजला तर सी मेजर किंवा ए मायनरकडे. बँडमध्ये गिटार एकच असेल तर सोलो सुरू झाल्यावर मागे जी पोकळी जाणवते, ती या दुसऱ्या स्वराने बरीच भरून निघते.

सुरुवात दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवर करा (सर्वात बारीक तार ती पहिली). स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये शेजारच्या तारांत सगळीकडे सा-म एवढं अंतर असतं, फक्त या जोडीत सा-ग. त्यामुळे दोन्ही तारा ५व्या फ्रेटवर दाबल्या की सी आणि ई मिळतात, म्हणजे मेजर थर्ड. सी मेजर स्केल असाच वर चढवा. पुढची जोडी तिसऱ्या तारेवर ७ आणि दुसरीवर ६, मग ९ आणि ८, मग दोन्ही १०, मग दोन्ही १२. आकार दोनच आहेत: सी, एफ, जी या स्वरांवर दोन्ही बोटं एकाच फ्रेटवर, बाकी ठिकाणी दुसऱ्या तारेवरचं बोट एक फ्रेट मागे. हे नुसतं वर-खाली घोकू नका. सी, एफ, जी कॉर्ड रेकॉर्ड करून त्यावर वाजवा आणि कॉर्ड बदलताना कोणती जोडी जाऊन बसते ते ऐका.

सिक्स्थ, म्हणजे सा-ध एवढं अंतर, पहिल्या आणि तिसऱ्या तारेवर घ्या. आकार पुन्हा तेच दोन, फक्त मधली तार गप्प ठेवायची. तिसऱ्या तारेवरच्या बोटाचा मांसल भाग तिला हलकेच टेकू द्या. उजव्या हाताने तिसरी तार पिकने आणि पहिली मधल्या बोटाने छेडा. गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरने १९६७ मध्ये ‘सोल मॅन’ या गाण्याच्या सुरुवातीला सिक्स्थच वाजवलेत. ते शंभरदा ऐकण्यासारखं आहे.

आता ब्लूज. ए७ कॉर्डवर पहिलं बोट आडवं टाकून दुसरी-तिसरी तार ५व्या फ्रेटवर दाबा आणि वाजल्या वाजल्या तिसऱ्या तारेवर ६व्या फ्रेटला हॅमर-ऑन करा, म्हणजे तार पुन्हा न छेडता बोट आपटून स्वर काढा. सी चा सी शार्प होतो, म्हणजे ए ला सा धरलं तर कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर. ब्लूजचा अर्धा रंग मला या एका हालचालीत ऐकू येतो! तेच आडवं बोट पहिल्या-दुसऱ्या तारेवर टाकलंत की ई आणि ए मिळतात. रॉक अँड रोलवाल्या चक बेरीचं वादन अशा फोर्थवर (सा-म अंतरावर) उभं आहे.

डिस्टॉर्शनबद्दल, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या इफेक्टबद्दल, सावध राहा. त्यात दोन स्वरांच्या मिश्रणातून नवे स्वर तयार होतात. फिफ्थ (सा-प) आणि फोर्थमध्ये ते मूळ स्वरांशी जुळतात. थर्ड मात्र खरखरतो, कारण गिटारवरचा मेजर थर्ड नैसर्गिक थर्डपेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की आवाज निवळतो. तरीही बेसूर लागलं तर बोट जास्त दाबलं जातंय का किंवा तार आडवी ओढली जातेय का ते बघा.

हे सगळं स्थिरावल्यावरच बेंडकडे वळा. ए७ वरच, करंगळीने दुसऱ्या तारेवर ८व्या फ्रेटचा जी धरा आणि तिसऱ्या बोटाने तिसऱ्या तारेवरचा ७व्या फ्रेटचा डी बेंड करून ई पर्यंत न्या. जी जागचा हलता कामा नये. गिटारला फ्लोटिंग ट्रेमोलो (स्प्रिंगवर तोललेला, हलणारा ब्रिज) असेल तर एक तार ताणताच बाकीच्या थोड्या उतरतात, तेव्हा करंगळीनेही अगदी केसभर बेंड देऊन जी सुरात आणावा लागतो.